इंदूरजवळ उघड्यावर मुक्काम : जागा कुणाची, परवानगी कुणाची

दिवाळीनंतर थंडी पडू लागली की मंडळात एक प्रश्न हमखास येतो. पुण्याहून, बंगळूरहून किंवा थेट अमेरिकेतून मुले-नातवंडे सुट्टीला आलेली असतात. त्यांच्या सामानात घडीचा तंबू असतो आणि इंदूरच्या आसपास कुठेतरी, पैसे न भरता, आकाशाखाली एक रात्र काढायची त्यांची इच्छा असते. "आजोबा, एवढी सरकारी जमीन मोकळी पडली आहे, टाकू ना तंबू कुठेही!" असे ती म्हणतात आणि आजोबा मंडळात विचारायला येतात. तेच तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे म्हणून हा लेख. आमच्यापैकी काहीजणांची नोकरी बँकेत गेली. शेतीकर्जाच्या निमित्ताने महू, देपालपूर, सांवेर, बडवाह या बाजूची गावे फिरावी लागली आणि जमिनीचे कागदही वाचावे लागले. त्याचा इथे उपयोग होईल. अंतरे राजवाडा-सराफ्यापासून धरली आहेत आणि अंदाजाने दिली आहेत.

थेट उत्तर

सरकारी जमिनीवर कुणीही, कुठेही, फुकट तंबू टाकावा असा हक्क आपल्याकडे नाही. अमेरिकेतून येणाऱ्या मुलांचा इथेच गोंधळ होतो. तिकडे संघ सरकारच्या भूमी व्यवस्थापन विभागाकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. तिच्या बऱ्याच भागात २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येते. पाणी नाही, संडास नाही, पण कुणी हटकतही नाही. स्वीडनमध्ये तर दुसऱ्याच्या रानातसुद्धा, घरापासून दूर, एखादी रात्र काढण्याची जुनी मुभा आहे. आपल्याकडे मोकळे दिसणारे प्रत्येक रान कुणाच्या तरी खात्यावर, कुणाच्या तरी वहिवाटीत किंवा कुणाच्या तरी चराईत असते.

असे असूनही या मुलखात फुकट मुक्कामाची परंपरा अमेरिकेपेक्षा फार जुनी आहे आणि ती अजून चालू आहे. तिचे नाव तंबू नाही. तिचे नाव पडाव, घाट, धर्मशाळा, देवळाची ओसरी. तिथे हक्क चालत नाही, विचारावे लागते. आणि विचारले तर नकार क्वचित मिळतो. मुलांना पाठवायचे असेल तर या वाटेने पाठवावे, असे आमचे मत आहे.

जमीन कुणाची आहे हे आधी पाहावे

इंदूर पठारावर आहे आणि दक्षिणेला महू ओलांडले की विंध्याची कड लागते. तिथून जमीन निमाडात, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात, उतरते. धबधबे, खोल दऱ्या (इकडे त्यांना खोह म्हणतात) आणि साग-पळसाचे रान सगळे या कडेला. मुलांना मोबाइलच्या नकाशावर हिरवे दिसते ते हेच. यातला बहुतेक भाग वनखात्याचा आहे. इंदूर वनमंडलाचे महू, मानपूर, चोरल हे परिक्षेत्र याच पट्ट्यात येतात. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणे आणि विस्तव पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात, तेव्हा तर काडीसुद्धा पेटवू नये. याच दिवसांत मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो, आणि एकदा आग पसरली की ती कुणी लावली याची चौकशी पहिल्यांदा परक्या माणसापाशी येते.

जंगलात रात्र काढायचीच असेल तर परिक्षेत्र अधिकारी, म्हणजे ज्यांना सगळे रेंजरसाहेब म्हणतात, त्यांना आधी भेटावे आणि जी परवानगी मिळेल ती लेखी घ्यावी. नाक्यावरच्या चौकीदाराने मान हलवली, ती परवानगी नव्हे. वनखात्याची विश्रामगृहे आहेत, राज्याच्या इको टुरिझम मंडळाच्या काही जागा आहेत. त्यांना थोडे पैसे पडतात, पण कुटुंबासह जाणाऱ्यांना तेच बरे. रालामंडल शहराला अगदी लागून आहे आणि होळकरांच्या शिकारगाहमुळे सगळ्यांच्या ओळखीचे आहे. पण १९८९ पासून ते अभयारण्य आहे. तिथे तिकीट काढून, ठरलेल्या वेळेत जाऊन परत यायचे. तंबूचा विचारही नको.

आणखी एक गोष्ट तरुणांच्या लक्षात येत नाही. जंगलाच्या आत जी शेताची पट्टी दिसते, ती अतिक्रमण आहे असे समजून तिच्यात शिरू नये. २००६ च्या वनाधिकार कायद्याने अशा कित्येक पट्ट्यांचे हक्क भिल्ल, भिलाला, बारेला कुटुंबांना मिळाले आहेत. ते त्यांचे शेत आहे. तिथे आपण पाहुणे.

महूच्या आसपासची बरीच मोकळी माळराने लष्कराची आहेत. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंग्रजांनी तिथे छावणी वसवली, तेव्हापासून ती लष्करी जमीन. बेरछा आणि हेमा हे गोळीबाराच्या सरावाचे पट्टे याच बाजूला आहेत. वर्षातले बरेच दिवस ते ओसाड दिसतात, कुंपण सगळीकडे नाही, गुरेही चरताना दिसतात. पण न फुटलेले गोळे मातीत असतात आणि धातूचे तुकडे वेचायला गेलेल्या गावकऱ्यांचे जीव त्यात गेले आहेत. महू ओलांडल्यावर गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय रस्ता सोडून माळावर उतरू नये.

तलावांचे वेगळे. यशवंतसागर आणि सिरपूर ही दोन्ही ठिकाणे २०२२ मध्ये रामसर यादीत आली, म्हणजे पाणथळ जागा म्हणून त्यांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. २०२५ च्या जानेवारीत तर इंदूर आणि उदयपूर ही भारतातली पहिली दोन रामसर शहरे ठरली. अभिमानाची गोष्ट आहेच, पण तिचा अर्थ असाही की काठावर चूल मांडून रात्रभर गाणी वाजवायला ती जागा नाही. हिवाळ्यात तिथे पक्षी मुक्कामाला येतात, त्यांचा हक्क पहिला. पहाटे जावे, दुर्बिणीतून पक्षी पाहावेत, उन्हे चढली की परतावे. गुलावटचे कमळ तलाव याच पाण्याच्या मागच्या अंगाला आहे, तेही दिवसाचे ठिकाण. चोरलच्या धरणाजवळ राज्य पर्यटन मंडळाचे निवास आहे, ते पैसे देऊन.

उरली महसुली जमीन. हा भाग जरा सविस्तर सांगावा लागेल, कारण आमच्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट इथेच आहे.

खसऱ्यातला 'पडाव'

महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात, त्याच्या जवळचा आपल्याकडचा कागद म्हणजे खसरा. प्रत्येक गावाचा, प्रत्येक तुकड्याचा. हल्ली तो राज्याच्या भू-अभिलेख संकेतस्थळावर जिल्हा, तहसील, गाव निवडून घरबसल्या पाहता येतो, नकाशाही दिसतो. जमीन खाजगी असेल तर मालकाचे नाव येते. सरकारी असेल तर 'शासकीय', 'चरनोई', 'वन' असे काहीतरी लिहिलेले असते. चरनोई म्हणजे गावच्या गुरांची चराई.

मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ ची. तिच्या २३७ व्या कलमात गावाच्या निस्तारासाठी, म्हणजे रोजच्या सामायिक गरजांसाठी, जिल्हाधिकाऱ्यांनी कोणकोणत्या कामाला जमीन राखून ठेवावी याची यादी आहे. तिच्यात लाकूडफाटा, चराई, स्मशान, गावठाण, खळे, बाजार यांच्याबरोबर पडावाची जमीनही आहे. पडाव म्हणजे मुक्कामाचा तळ. बैलगाड्यांचे तांडे, बाजाराला निघालेले व्यापारी, मेंढपाळ, यात्रेकरू रात्रीपुरते उतरत, त्यांच्यासाठी गावाबाहेर, पाण्याजवळ ही जागा असे. आपल्या शहराचे तरी काय? मराठ्यांच्या लष्कराचे तळ पडत गेले आणि त्यांच्या आधाराने पेठा वाढल्या. छावणी, तोपखाना ही मोहल्ल्यांची नावे आपण रोज घेतो.

आता असे पडाव कितपत शिल्लक आहेत? कागदावर आहेत तितके जमिनीवर नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कर्जाची तपासणी करताना आम्ही हेच पाहत आलो : खसऱ्यात 'शासकीय' आणि शेतात डुलणारा गहू. कुठे पडावावर शाळा झाली आहे, कुठे पंचायत भवन, कुठे कुणाचा गोठा. म्हणून कागद पाहणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे गावात जाऊन विचारणे. आणि हा निस्ताराचा हक्क मुळात गावकऱ्यांचा आहे, बाहेरच्याचा नव्हे. प्रवाशाला गाव उतरू देते ते रीत म्हणून.

विचारायचे कुणाला? सरपंच किंवा पंचायतीचे सचिव, पटवारी, आणि सर्वांत उपयोगी माणूस म्हणजे कोटवार. कोटवार हा गावचा चौकीदार. गावात कोण आले, कोण गेले याची खबर ठाण्याला देणे हे त्याचे पिढीजात काम. त्याला आपण कोण, किती जण, कुठली गाडी, उद्या किती वाजता निघणार एवढे सांगितले की रात्रीची अर्धी काळजी मिटते. दुपारी चारच्या आत गावात पोहोचावे. अंधारात गाडीचे दिवे लावून गावाबाहेर जागा शोधणारी चार मुले पाहिली तर कुठलेही गाव सावध होईल, आणि त्यांनी व्हावेच.

बहुतेक वेळा उत्तर असे येते : "अरे भैया, बाहेर कशाला, शाळेच्या पडवीत राहा," किंवा "हनुमानाच्या देवळासमोर जागा आहे, नळही आहे." ते ऐकावे. तंबू देवळाच्या आवारात टाकला तरी आकाश तेच असते.

घाट, परिक्रमा आणि पंचक्रोशी

सराफ्यातून निघून दोन-अडीच तासांत नर्मदा गाठता येते. ओंकारेश्वर सुमारे ८० किलोमीटर, मंडलेश्वर-महेश्वर सुमारे ९०, बडवाह त्याहून जवळ. या काठावर उघड्यावर मुक्काम ही रोजची गोष्ट आहे, कारण परिक्रमावासी. मराठी घरांना हे वेगळे सांगायला नको. जगन्नाथ कुंटे यांचे 'नर्मदे हर हर' आणि भारती ठाकूर यांचे परिक्रमेवरचे पुस्तक कित्येक घरांत आहे. नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, चातुर्मासात थांबायचे आणि संध्याकाळी जे गाव येईल तिथे उतरायचे. देऊळ, आश्रम, धर्मशाळा, कुणाचे अंगण. शिधा मिळतो त्याला सदाव्रत म्हणतात. शेकडो किलोमीटर अशी साखळी लोकांनी स्वतःच्या खर्चाने चालू ठेवली आहे, तिला सरकारी खाते नाही की आरक्षण नाही.

पण एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू. ही सोय परिक्रमावासीयांची आहे. मोठ्या गाडीतून, रंगीत तंबू घेऊन, शनिवार-रविवारसाठी गेलेल्या मंडळींनी सदाव्रताच्या रांगेत उभे राहू नये. जागा मागावी, ती मिळते. शिधा आपला न्यावा आणि निघताना अन्नछत्रात पीठ, डाळ, तूप असे काही ठेवून यावे. ओंकारेश्वरला शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचा भक्तनिवास आहे. तो फुकट नाही, पण दर माफक आणि स्वच्छता वाखाणण्यासारखी. बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांची सोय तिथे करून मुलांनी घाटाच्या वर एखाद्या आश्रमाच्या अंगणात झोपावे, हा उत्तम तोडगा. महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटांवर पहाट अनुभवावी, पण घाटाच्या पायऱ्यांवर तंबू उभारू नये. परिक्रमावासी देवळाच्या ओसरीत पथारी पसरतो आणि उजाडायच्या आत आवरतो, तेवढेच तिथे शोभते.

ज्यांना एका रात्रीपेक्षा अधिक हवे आहे आणि सोबतही हवी आहे, त्यांच्यासाठी आमच्या मते खरा उपाय पंचक्रोशी. दोन आहेत.

पहिली ओंकारेश्वरची. कार्तिक शुद्ध एकादशीला सुरू होऊन पौर्णिमेला संपते. सनावद, टोकसर, बडवाह, सिद्धवरकूट या बाजूने दोन्ही तीर होतात. हवा सुंदर असते, रात्री थंडी असते आणि वाटेतली गावे यात्रेकरूंची वाट पाहत असतात.

दुसरी उज्जैनची, ११८ किलोमीटर, पाच दिवसांची. पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराचे 'बळ' घेऊन निघायचे आणि परत आल्यावर मातीचा घोडा वाहून ते बळ देवाला परत करायचे, अशी गोड रीत आहे. पिंगळेश्वर, करोहन, अंबोदिया, जैथल, उंडासा असे पडाव लागतात. इथे 'पडाव' हा शब्द अजून खऱ्या अर्थाने जिवंत आहे. प्रशासन पाणी, सावली, दिवे, दवाखाना उभा करते, पीठ आणि कंडे विकायला असतात, आणि हजारो माणसे रात्री उघड्यावर दाल-बाटी लावून तिथेच झोपतात. खेड्यातल्या बायका डोक्यावर गाठोडे घेऊन पाच दिवस चालतात. आपल्या मुलांना हलका तंबू, हलकी बॅग यांचे धडे त्यांच्याकडून मिळतील.

तिथीबद्दल सावध राहा. ही यात्रा वैशाख वद्य दशमी ते अमावास्या अशी जाहीर होते, पण ती इकडच्या पौर्णिमान्त पंचांगाप्रमाणे. आपल्या घरच्या मराठी कॅलेंडरात ती तिथी चैत्र वद्य दशमी असते. मराठी कॅलेंडरातला वैशाख पाहून निघालात तर महिनाभर उशिरा पोहोचाल! कार्तिक एकादशीला हा घोळ नाही, कारण शुक्ल पक्ष दोन्हीकडे एकच. उज्जैनच्या यात्रेत ऊन कडक असते, पारा ४० च्या पुढे जातो. साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावे.

जवळचे आणखी एक ठिकाण म्हणजे जानापाव. महूच्या पुढे, आग्रा-मुंबई रस्त्यापासून आत, सुमारे ८५४ मीटर उंचीचा डोंगर. परशुरामाचे जन्मस्थान मानतात आणि चंबळेचा उगम इथलाच. माथ्यावर मंदिर आहे, कुंड आहे. पुजाऱ्यांना विचारून मंदिराच्या आवारात रात्र काढता आली तर शब-ए-मालवा म्हणजे काय ते तिथे कळेल. आवाराबाहेरचे रान वनखात्याचे, तिथे वर सांगितलेला नियम. मांडवगडला वास्तूंच्या आत सूर्यास्तानंतर थांबता येत नाही. मुक्काम राम मंदिराच्या किंवा जैन मंदिराच्या धर्मशाळेत करावा.

जिथे रात्र काढू नये

हे वाचून कुणाचा उत्साह मावळला तरी चालेल, पण हा भाग गाळता येणार नाही.

पाण्याच्या काठाला, वाळूवर, खडकावर झोपू नये. २००५ च्या ७ एप्रिलला, भुतडी अमावास्येच्या मेळ्यासाठी (गुढीपाडव्याच्या आधीची अमावास्या) देवास जिल्ह्यातल्या धाराजीला नर्मदेच्या पात्रात हजारो यात्रेकरू रात्री मुक्कामाला होते. वर इंदिरा सागर धरणातून सोडलेले पाणी अंधारात आले आणि साठाहून अधिक माणसे गेली. आकाशात ढग नव्हता. ते ठिकाण आता ओंकारेश्वर धरणाच्या पाण्याखाली आहे. नर्मदा आज धरणांची नदी आहे. वीज बनवायला केव्हा पाणी सोडतील हे काठावर बसून कळत नाही. भोंगा वाजला तर क्षणभरही न थांबता वर यावे, आणि मुळात पूररेषेच्या वर, घाटाच्या शेवटच्या पायरीच्याही वर अंथरूण घालावे. जुने आश्रम उंचावर का बांधले आहेत, ते पाहिले की जागा निवडता येते.

पाताळपाणी, तिंछा, मोहाडी, जोगी भडक, हत्यारी खोह इथे पावसाळ्यात धोका वेगळा. वर कुठे तरी पाऊस पडतो आणि खाली कोरड्या खडकावर बसलेल्यांना काही मिनिटांत लोंढा गाठतो. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला सहलीला आलेली मंडळी पाण्याच्या मधोमध अडकून वाहून गेली. ते चित्रण देशभर टीव्हीवर दाखवले गेले, सगळ्यांना आठवत असेल. त्यामुळे पावसाळ्यात अशा ठिकाणांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. पूर्वी ते कलम १४४ खाली असत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. निघण्याआधी वर्तमानपत्र पाहावे. आमचा साधा नियम : श्रावण-भाद्रपदात खोहात मुक्काम नाही.

तिसरी गोष्ट रात्रीच्या फेरफटक्याची. सराफ्याची चौपाटी रात्री उशिरापर्यंत चालते. भुट्ट्याचा कीस, गराडू, जलेबी झाली की एक-दोन वाजता तरुण मंडळी गाडी काढून जाम गेटला सूर्योदय पाहायला निघतात. दरवाजा अहिल्याबाईंच्या काळचा, घाटाच्या तोंडावर उभा, खाली निमाड पसरलेला. जागा अप्रतिम आहे यात शंका नाही. पण ११ सप्टेंबर २०२४ च्या मध्यरात्रीनंतर याच भागात गाडी लावून थांबलेल्या चौघा तरुण-तरुणींवर टोळक्याने हल्ला केला. लूट झाली आणि एका मुलीवर अत्याचार झाला. मुलगे लष्करी अधिकारी होते, तरी हे घडले. सूर्योदय पाहायचा तर महूत नातेवाईक-मित्रांकडे झोपून पहाटे पाचला निघावे. नातवंडांना हे सांगताना आडपडदा ठेवू नये, नुसते "रात्री जाऊ नका" म्हटले तर ती ऐकत नाहीत.

वन्यप्राण्यांची भीती त्या मानाने कमी. बिबटे या पट्ट्यात आहेत आणि २०२३ च्या मे महिन्यात महूच्या आर्मी वॉर कॉलेजच्या आवारात वाघ कॅमेऱ्यात दिसला होता. अन्न तंबूत ठेवू नये, लहान मुलांना अंधारात एकटे पाठवू नये, एवढे पाळावे. साप-विंचवासाठी बूट झटकून घालावेत, सरपणाच्या ढिगात हात घालू नये.

थोडे सामानाविषयी

आपली जमीन काळ्या मातीची. पावसाळ्यात तंबूची खुंटी लोण्यात घातल्यासारखी निघते आणि उन्हाळ्यात भेगा पडलेल्या ढेकळात ती रुतत नाही. माळावर माती चार बोटे आणि खाली काळा पाषाण. म्हणून आपोआप उभा राहणारा तंबू आणावा आणि दोऱ्या दगडाला बांधाव्यात. वैशाखात संध्याकाळी वावटळ उठते. ५ मे २०१६ ला उज्जैनच्या सिंहस्थात वादळी पावसाने मोठमोठे मंडप कोसळले आणि माणसे दगावली, तिथे आपल्या तंबूचे काय! आता २०२८ ला पुन्हा सिंहस्थ आहे. त्या महिन्यांत उज्जैन-ओंकारेश्वरच्या बाजूला निवांत जागा मिळण्याची आशा सोडावी.

योग्य काळ कार्तिक ते माघ. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा आठ-दहापर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. पुणे-मुंबईची पातळ चादर इथे पुरत नाही. घरची गोधडी हवीच. पाणी माणशी पाच लिटर गाडीत असावे. खोहांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा, आणि मुक्कामाचे गाव, कोटवाराचा किंवा सरपंचाचा क्रमांक घरी लिहून ठेवावा. अडचणीला ११२.

चुलीपेक्षा लहान गॅस बरा. बाटी लावायचीच असेल तर कंडे गावातून विकत घ्यावेत, रानातले लाकूड तोडू नये, आणि निघताना राख पाण्याने विझवून हाताने चाचपून पाहावी. संडाससाठी पंचायतीचे किंवा शाळेचे विचारावे. कचरा गाडीत घालून शहरात आणावा. आपल्या इंदूरकरांना ओला-सुका वेगळा करायची सवय आहे, ती गावाबाहेर सुटते असे दिसते.

धर्मशाळेत आणि आश्रमात प्रत्येकाचे आधार कार्ड मागतात. परदेशी पासपोर्ट असलेली मुले बरोबर असतील तर उतरवून घेणाऱ्याला त्यांची माहिती पोलिसांना द्यावी लागते. लहान धर्मशाळांना ते जमत नाही म्हणून त्या नाही म्हणतात, त्यात अपमान मानू नये. निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. पासपोर्ट आणि व्हिसाच्या, किंवा ओसीआय कार्डाच्या, दोन-दोन छायाप्रती जवळ ठेवाव्यात. गावात छायाप्रतीचे दुकान संध्याकाळी सहाला बंद होते.